आधी यंत्र, मग विचारणा

पेण आणि रोहा तालुक्यांत कृत्रिम बुद्धिमत्ता कामाच्या ठिकाणी कुठे भेटेल, असे विचारले तर बहुतेकांचे बोट धाटावच्या रासायनिक कारखान्यांकडे नाहीतर डोलवीच्या पोलाद प्रकल्पाकडे जाईल. पण ती डोंगरातल्या एखाद्या वाडीवरच्या अंगणवाडीतही भेटते. तिथे कंट्रोल रूम नसते, एसी नसतो, पुष्कळदा रेंजही नसते. गरोदर व स्तनदा मातांसाठी आणि लहान मुलांसाठी घरी न्यायचा आहार वाटताना लाभार्थीचा चेहरा ओळखण्याची सक्ती केंद्र सरकारने १ जुलै २०२५ पासून केली. सेविकेने ‘पोषण ट्रॅकर’ उघडायचा, समोरच्या बाईचा चेहरा कॅमेऱ्यात धरायचा, तिला पापण्या मिचकवायला सांगायचे आणि आधीच्या फोटोशी चेहरा जुळला की पाकीट द्यायचे. त्याआधी आधारची ई-केवायसी आणि मोबाइलवर येणारा ओटीपी. कातकरी वाडीत घरात एक मोबाइल असेल तर तो बहुधा घरधन्याच्या खिशात असतो, आणि दिवाळीनंतर निम्मी वाडी वीटभट्टीवर गेलेली असते.

राज्यातल्या सेविकांच्या संघटनांनी या पद्धतीला विरोध केला. अशा वेळी वरून जो सूर निघतो तो ठरलेला आहे: बायकांना तंत्रज्ञान जमत नाही, बदल नको आहे, हिशेब उघड होईल म्हणून ओरड आहे.

हा सूर किती पोकळ आहे ते ऑगस्ट २०२१मध्येच दिसले होते. महाराष्ट्रभरच्या सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल सरकारी कार्यालयांत नेऊन परत केले. तक्रारी अगदी नेमक्या होत्या. दोन जीबी रॅमच्या फोनवर नवे अ‍ॅप चालत नाही, फोन तापतो, बंद पडला की दुरुस्तीचे पैसे मानधनातून जातात आणि अ‍ॅप इंग्रजीत आहे. यातली एकही तक्रार ‘आम्हाला नोंदी ठेवायच्या नाहीत’ अशी नव्हती. चांगला फोन द्या, मराठीत द्या, दुरुस्तीचा खर्च तुम्ही करा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. फेब्रुवारी २०२३च्या संपातही नवे मोबाइल ही एक प्रमुख मागणी होती. म्हणजे ज्यांना तंत्रज्ञान नको आहे असे म्हटले जात होते, त्या बायका अधिक चांगल्या तंत्रज्ञानासाठी संपावर गेल्या.

कर्मचाऱ्यांच्या विरोधात जवळजवळ नेहमी एक मागणीपत्र दडलेले असते. ते वाचायचे कष्ट नको असले की विरोधाला ‘मानसिकता’ म्हणतात. एखाद्या कंपनीत एआय आणायचे ठरले की सल्लागार येतात, स्लाइडा येतात, आणि ‘कर्मचाऱ्यांची मानसिकता बदलणे’ हा आराखड्यातला एक स्वतंत्र टप्पा होतो. हॉटेलात कार्यशाळा होते, टी-शर्ट वाटले जातात, प्रत्येक खात्यातून एक उत्साही मुलगा ‘एआय चॅम्पियन’ म्हणून निवडला जातो. त्या दिवशी जेवण चांगले असते. पगार, पदे, बदल्या आणि चुकांची जबाबदारी या चार गोष्टी सोडून बाकी सगळ्यावर चर्चा होते.

गंमत म्हणजे व्यवस्थापनशास्त्रात बदलाला होणाऱ्या विरोधावर मात करण्याची भाषा ज्या अभ्यासाने रूढ केली, त्याचा निष्कर्ष या कार्यशाळांच्या उलट आहे. लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, हारवूड नावाच्या पायजमे शिवणाऱ्या कारखान्यात प्रयोग केला आणि १९४८मध्ये तो प्रसिद्ध झाला. कामाची पद्धत बदलायची होती. एका गटाला फक्त कळवण्यात आले: उद्यापासून असे काम करायचे, दर असा असेल. दुसऱ्या गटाने आपले प्रतिनिधी निवडून दिले. उरलेल्या गटांतल्या प्रत्येक कामगाराला नव्या पद्धतीची आखणी करायलाच बसवले. ज्यांना नुसते कळवले गेले त्यांचे उत्पादन खाली गेले ते वर आलेच नाही, आणि पहिल्या ४० दिवसांत त्यांच्यातले १७ टक्के नोकरी सोडून गेले. आखणीत बसलेल्यांचे उत्पादन काही दिवसांत सावरले आणि आधीपेक्षा सुमारे १४ टक्के वर गेले. यंत्रे तीच होती आणि बायकाही त्याच गावच्या होत्या. या अभ्यासाला पाऊणशे वर्षे उलटली. त्याचे शीर्षक सगळ्यांनी उचलले, निष्कर्ष मात्र तिथेच राहिला.

महाराष्ट्राला या विषयासाठी व्हर्जिनियापर्यंत जायची तशी गरज नाही. एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ असे सुमारे सहा महिने मुंबईच्या कापड गिरण्या बंद राहिल्या आणि दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. त्यांतले बरेचसे रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतले, आणि कुलाबा म्हणजे आजचा रायगड. गिरणीमालकांना ‘रॅशनलायझेशन’ हवे होते. दोन साचे चालवणाऱ्या विणकराने तीन चालवायचे, कताईतल्या माणसाने दुप्पट चात्या सांभाळायच्या. मालकांचा युक्तिवाद आज ऐकल्यासारखा वाटतो: जपानशी स्पर्धा आहे, खर्च कमी केला नाही तर गिरणीच राहणार नाही. तो खोटाही नव्हता. कामगारांचा प्रश्न एवढाच होता की तिसऱ्या साच्याची मजुरी कोणाला, आणि ज्याचा साचा काढून घेतला तो कुठे जाणार?

त्या संपातली एक गोष्ट कामगारांच्या बाजूने लिहिणारे सहसा घाईने ओलांडतात. विणकाम खात्यात मजुरी चांगली होती आणि त्या खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत. धोट्यात धागा ओवताना तो तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून सवर्ण विणकरांची हरकत होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना हाच प्रश्न विचारला: ज्या खात्याचे हक्क तुम्ही वाचवता आहात त्या खात्याचे दार आमच्यासाठी बंद आहे, त्याचे काय? महाडचा सत्याग्रह याच कुलाबा जिल्ह्यात आदल्याच वर्षी झाला होता. नाखुशीने का होईना, ही मागणी संपवाल्यांना आपल्या यादीत घ्यावी लागली. कामगारांचा विरोध नेहमी न्याय्यच असतो असे समजणाऱ्यांनी हा प्रसंग विसरू नये. विरोधात हक्काबरोबर मक्तेदारीही असू शकते. वीस वर्षे एकच रिअ‍ॅक्टर चालवलेला ऑपरेटर आपली खुबी नव्या पोराला सांगत नाही, हे कोणत्याही कारखान्यात दिसते. मराठीत विचारले की मराठीत उत्तर देणारी प्रणाली त्या पोराच्या हाती आली तर तक्रार जुना ऑपरेटर करील, पोरगा करणार नाही.

गिरण्यांनंतर संगणकाची लढाई सुरू झाली ती आयुर्विमा महामंडळात, आणि त्या महामंडळाचा धागा रोह्यापर्यंत येतो. रोह्याशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, अर्थमंत्री असताना जानेवारी १९५६मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याच वर्षी १ सप्टेंबरला महामंडळ उभे राहिले तेव्हा देशमुख मंत्रिमंडळातून बाहेर पडलेले होते. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला होता. दोनशेहून अधिक कंपन्यांचे दप्तर एका छताखाली आले. हजारो कारकून हप्त्यांच्या नोटिसा लिहीत, खतावण्या भरत. साठच्या दशकाच्या मध्याला महामंडळाने मुंबई आणि कलकत्त्यात संगणक बसवायचे ठरवले. मुंबईत तो बसला. कलकत्त्यात मात्र इलाको हाऊस या इमारतीभोवती कर्मचाऱ्यांनी रात्रंदिवस पहारा ठेवला आणि यंत्र आत जाऊ दिले नाही.

तो पहारा कामगार चळवळीच्या आठवणींत अभिमानाने सांगितला जातो. त्यातली जिद्द निर्विवाद आहे. पण यंत्र दाराशी अडवण्यात एक तोटा असतो: ते अखेर आत आले की कोणत्या अटींवर आले याची नोंद कुठेच नसते. केंद्राने १९६९मध्ये स्वयंचलनावर समिती नेमली. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर तिचे अध्यक्ष होते आणि अहवाल १९७२मध्ये आला. सरसकट बंदी नको आणि सरसकट मोकळीकही नको, असा तिचा एकूण रोख होता. त्याच्या कितीतरी आधी, १९५७च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार या तिघांनी मिळून यंत्रसुधारणेच्या काही अटी मान्य केल्या होत्या. असलेल्या कामगारांची कपात किंवा मिळकतीत घट होऊ नये. जागा कमी व्हायच्या तर त्या निवृत्तीने आणि नैसर्गिक गळतीने व्हाव्यात. होणारा फायदा समाज, मालक आणि कामगार यांच्यात न्याय्य वाटला जावा. कामाचा बोजा तज्ज्ञाकडून मोजून घ्यावा. एआयविषयी आज देशोदेशी ज्या आचारसंहिता निघत आहेत त्यांतल्या बहुतेकींपेक्षा हा मजकूर नेमका आहे.

बँकांनी पुढे हाच रस्ता धरला. कामगार संघटनांनी १९८४ हे संगणकविरोधी वर्ष म्हणून पाळले, हे खरे. पण त्याच्या आदल्याच वर्षी, ८ सप्टेंबर १९८३ रोजी, बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि इंडियन बँक्स असोसिएशन यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला होता. एकीकडे घोषणा चालू होत्या आणि दुसरीकडे टेबलावर कलमे लिहिली जात होती. कोणत्या प्रकारची यंत्रे, किती आणि कुठे; ती चालवणाऱ्याला विशेष भत्ता; कोणाचीही कपात नाही. रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांच्या समितीचा अहवाल १९८४मध्ये आला आणि शाखांमध्ये लेजर पोस्टिंग मशीन दिसू लागली. पुढे १९८७ आणि १९९३मध्ये आणखी करार झाले, प्रत्येक वेळी यंत्रांची मर्यादा सैल होत गेली. आज पेणमध्ये कोणाला बँकेच्या काउंटरवर हाताने लिहिलेली खतावणी पाहायची असेल तर मिळणार नाही, आणि त्यासाठी एकाही कारकुनाला घरी पाठवावे लागले नव्हते.

या कौतुकाला एक पुस्ती हवी. २०००-०१मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्ती योजना आणली आणि सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. करारांनी माणसे वाचवली, पदे वाचवली नाहीत. १९८३च्या कारकुनाची नोकरी टिकली, पण त्याच्या मुलासाठी ती जागा उरली नाही. एआयच्या बाबतीत हेच होणार असेल तर ते आत्ताच उघडपणे बोलले पाहिजे, कारण पेण-रोह्याच्या कॉलेजांतून बाहेर पडणारी मुले कराराच्या टेबलाशी कधीच नसतात. टीसीएसने जुलै २०२५मध्ये सुमारे १२ हजार जणांना कमी करण्याचे जाहीर केले तेव्हा कंपनीने कारण एआयचे नव्हे तर कौशल्यांच्या विसंगतीचे दिले. नोकरी गेलेल्या मध्यमवयीन माणसाला हा फरक कोणी समजावून सांगितला तरी त्याच्या घराचा हप्ता त्याने बदलत नाही. मालकांचेही अंदाज चुकतातच. स्वीडनच्या क्लार्ना कंपनीने २०२४मध्ये आपला एआय सहायक ७०० माणसांचे काम करतो असे जाहीर केले आणि पुढच्याच वर्षी, सेवेचा दर्जा घसरल्याचे मान्य करून, पुन्हा माणसे घ्यायला सुरुवात केली.

आता पेणच्या गणपतींकडे यायला हवे. इथे नोकरशाही नाही, युनियन नाही, पण तंत्र बदलण्याचा अनुभव कोणत्याही कारखान्यापेक्षा जुना आहे. हाताने शाडू घडवण्याच्या कलेत आधी साचे आले, मग रबरी साचे आणि प्लास्टर ऑफ पॅरिस. शाडूची मूर्ती पावसाळी हवेत वाळायला दिवसचे दिवस घेते, प्लास्टर काही मिनिटांत घट्ट होते. एका मूर्तिकाराने घडवलेल्या एका मॉडेलवरून हजारो मूर्ती निघू लागल्या. कला मेली, असे तेव्हाही म्हटले गेले असणार. प्रत्यक्षात काम सरकले. पेण शहरातून ते हमरापूर, जोहे अशा गावांत पसरले, घासकाम आणि रंगकामात बायकांना रोजगार मिळाला, आणि डोळ्यांची आखणी मात्र त्या मोजक्या हातांकडेच राहिली. आखणीच्या माणसाची किंमत साच्यांनी कमी केली नाही, उलट वाढवली. कारण हजार सारख्या मूर्तींत फरक उरतो तो नजरेचाच. मॉडेल घडवणाऱ्या इतरांच्या वाट्याला मात्र हे भाग्य आले नाही. एका साच्यामागे एकच मॉडेल लागते, त्यामुळे घडवणारे हात पुष्कळ असले तरी गरज थोड्यांचीच उरली. आज संगणकावर मूर्ती घडवून ती थ्रीडी प्रिंटरवर काढता येते आणि मोबाइलवर दोन ओळी टाकून गणपतीचे हवे ते रूप चित्रात उमटवता येते. या साधनांचा पहिला फटका आखणीला न बसता मॉडेलकाराला बसेल, आणि तो बसेल तेव्हा मोर्चा निघणार नाही. त्याला पुढच्या वर्षी काम कमी येईल, एवढेच.

याच गावांनी अलीकडे एक सक्तीचा बदलही पाहिला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२०मध्ये प्लास्टरच्या मूर्तींविषयी नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली, मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये काटेकोर बंदीचा आदेश दिला, आणि ९ जून २०२५ला मूर्ती बनवायला व विकायला मोकळीक देऊन नैसर्गिक पाण्यातल्या विसर्जनावरचा निर्बंध तेवढा ठेवला. मधल्या काळात राज्य सरकारने डॉ. अनिल काकोडकर यांच्या नेतृत्वाखालच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाकडे हा विषय सोपवला होता. पाच वर्षे कारखानदार उधारीवर माल घेऊन, साचे भरून, यंदा विकता येईल की नाही या काळजीत होते. त्यांच्या विरोधाला ‘पर्यावरणद्रोह’ म्हणणे सोपे होते. पण त्यांचे प्रश्न व्यवहाराचे होते: गुजरातेतून येणारा शाडू पुरेल का, उंच मूर्ती शाडूची होते का, एवढी माती जुलैच्या पावसात वाळवायची कुठे, कर्जाचे काय. नद्या आणि समुद्र खराब होतात हेही तितकेच खरे आहे, आणि या लेखाचा कल प्लास्टरच्या बाजूने नाही. मुद्दा क्रमाचा आहे. हे प्रश्न २०२०मध्ये विचारले असते तर २०२५ कोर्टात गेले नसते.

पेण तालुक्याला क्रम उलटा झाल्याचा आणखी एक अनुभव आहे. महामुंबई सेझसाठी (विशेष आर्थिक क्षेत्रासाठी) भूसंपादनाच्या नोटिसा निघून गेल्यानंतर, २१ सप्टेंबर २००८ रोजी, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत शेतकऱ्यांचे मत घेतले गेले. कौल प्रकल्पाविरुद्ध होता आणि प्रकल्प उभा राहिला नाही. शेतकऱ्यांना विकास कळत नाही असे तेव्हाही म्हणून झाले होते.

कायदा याबाबतीत काय म्हणतो? १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यातच तरतूद होती की कपातीची शक्यता असलेली यंत्रसुधारणा करायची तर कामगारांना २१ दिवसांची नोटीस द्यायची. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने ती कायम ठेवली आहे. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे १५ दिवसांच्या पगाराएवढी रक्कम मालकाने पुनर्कौशल्य निधीत भरायची, हेही संहितेत नव्याने आले आहे. पण ३०० पेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला कपातीसाठी सरकारची परवानगी आता लागत नाही. आधी ही मर्यादा १०० होती. महिना १८ हजारांहून जास्त पगार घेणारा सुपरवायझर संहितेच्या लेखी ‘कामगार’च नाही, म्हणजे धाटावच्या कारखान्यातला शिफ्ट इन्चार्ज नोटिशीच्या कक्षेबाहेर. आणि सगळ्यांत मोठी फट म्हणजे कपातीच्या शक्यतेची अट. ज्या एआयने माणूस जात नाही पण त्याचे काम, वेग, पाळत आणि जबाबदारी बदलते, त्याच्यासाठी या तरतुदीखाली नोटीस लागत नाही. अंगणवाडी सेविका तर मानधनी. एप्रिल २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला ग्रॅच्युइटीचा हक्क दिला, पण तिच्या हातात नवे अ‍ॅप देण्याआधी कोणाला २१ दिवस थांबावे लागत नाही.

पाळतीच्या बाबतीत कायदा मालकाकडे आणखी झुकतो. २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यानुसार नोकरीच्या कारणासाठी कर्मचाऱ्याची माहिती वापरायला त्याच्या संमतीची गरज नाही. जर्मनीत वर्तन किंवा कामगिरी टिपणारे कोणतेही यंत्र बसवण्याआधी कामगार मंडळाची मान्यता लागते, आणि एआयचा प्रश्न असेल तर मालकाच्या खर्चाने तज्ज्ञ बोलावण्याचा हक्क त्या मंडळाला २०२१पासून आहे. जर्मन कारखाने त्यामुळे बंद पडलेले नाहीत.

रोह्याच्या धाटाव वसाहतीत रंगद्रव्ये, औषधी द्रव्ये, शेतीरसायने असा माल तयार होतो. अशा कारखान्यात एआयचे दोन चेहरे असतात. एक सरळसरळ कामगाराच्या हिताचा: वायुगळती लवकर ओळखणे, बंद टाकीत माणूस उतरवण्याऐवजी कॅमेरा सोडणे. याला कोणीही शहाणा कामगार विरोध करणार नाही आणि करतही नाही. दुसरा चेहरा कंट्रोल रूममध्ये आहे. प्रणाली सांगते, तापमान दोन अंशांनी उतरवा. बोर्ड ऑपरेटरला ते पटत नाही, कारण फील्डवरच्या माणसाने आत्ताच कळवले आहे की पंप खडे चावल्यासारखा वाजतो आहे, आणि तो आवाज सेन्सरला कळत नाही. ऐकले नाही आणि बॅच बिघडली तर ‘सिस्टमचे का ऐकले नाही’ म्हणून चार्जशीट. ऐकले आणि बिघडली तर ‘तुझा अनुभव कुठे गेला’ म्हणून चार्जशीट. या माणसाला कार्यशाळेत नेऊन एआयचे फायदे सांगणे हा वेळेचा अपव्यय आहे. त्याला एक कागद हवा आहे, ज्यावर लिहिलेले असेल की मतभेद झाल्यास शेवटचा शब्द कोणाचा, आणि तो शब्द चुकला तर काय.

यंत्राच्या सूचनांवर आंधळा विश्वास ठेवू नये हे ऑपरेटर लोक ऐकीव भीतीपोटी म्हणत नाहीत. २४ जुलै १९९४ रोजी वेल्समधल्या मिलफर्ड हेवन इथल्या टेक्साको रिफायनरीत स्फोट झाला. त्याआधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म वाजले होते. दहा मिनिटांत एक अलार्म एवढेच माणसाला नीट हाताळता येते, असे या क्षेत्रातले मार्गदर्शन सांगते. तिथे नियंत्रणप्रणाली माहिती देत होती, भरपूर देत होती. ती पाहणाऱ्याच्या सोयीने कोणी आखली नव्हती. नव्या एआयने सूचनांची भर घातली आणि जुने अलार्म तसेच ठेवले, तर विरोध करणारा ऑपरेटर सुरक्षा अधिकाऱ्याचे काम फुकटात करतो आहे असे समजावे.

आणि ज्यांना उघड विरोध परवडत नाही त्यांचे काय? ठेकेदाराचा माणूस संप करत नाही. तो हेल्मेट कॅमेऱ्यासमोर घालतो आणि वळल्यावर काढतो. टॅबवरची चेकलिस्ट शिफ्टच्या शेवटी एका दमात हिरवी करतो. त्याने भरलेल्या त्या हिरव्या खुणांवरच प्रणाली शिकते, आणि सहा महिन्यांनी व्यवस्थापनाला दाखवते की सगळे ठीक चालले आहे. मोर्च्यापेक्षा हा विरोध कंपनीला महाग पडतो, कारण तो दिसत नाही.

उघड विरोध करारात कसा उतरतो याचे एक उदाहरण पाहा: हॉलिवूडचे पटकथालेखक २०२३मध्ये १४८ दिवस संपावर होते. त्यांनी एआयवर बंदी मिळवली नाही. मिळवली ती कलमे: एआयला लेखक म्हणून श्रेय नाही, लेखकावर ते वापरण्याची सक्ती नाही, आणि दिलेला मजकूर एआयचा असेल तर तसे सांगायचे. धाटाव किंवा डोलवीच्या वेतनकरारात पगारवाढ, कँटीन, बस आणि मेडिक्लेम यांच्या शेजारी अशी कलमे बसू शकतात. वीस किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असायलाच हवी असे संहिताच सांगते, म्हणजे टेबल उपलब्ध आहे. प्रणालीची सूचना आणि ऑपरेटरचा निर्णय दोन्ही लॉगबुकात नोंदले जावेत आणि सद्‌हेतूने सूचना नाकारणाऱ्यावर कारवाई नसावी. सुरक्षेसाठी लावलेल्या कॅमेऱ्याचे चित्रण शिस्तभंगाच्या चौकशीत वापरू नये. ज्या जुन्या ऑपरेटरचे कान आणि अनुभव प्रणालीला शिकवण्यासाठी घेतले जातात त्याला त्या शिकवण्याचे पैसे मिळावेत. १९८३च्या बँक करारात यंत्र चालवणाऱ्याला भत्ता होता, इथे तर तो यंत्र घडवतो आहे. माणूस कमी होणार नसला तरी नोटीस द्यावी. ठेकेदाराच्या कामगारांचा एक प्रतिनिधी सुरक्षा समितीत असावा, ही यातली सर्वांत अवघड मागणी, कारण तिला कायम कामगारांचाही मनापासून पाठिंबा असेलच असे नाही.

व्यवस्थापनाला यात खर्च दिसेल. तो आहेच. पण घाई कामगारांच्या बाजूनेही हवी, कारण कारखान्यांतले वेतनकरार साधारण तीन-चार वर्षांचे असतात. पुढच्या करारात जे कलम राहून जाईल ते थेट त्याच्या पुढच्या करारातच घालता येईल, आणि तोवर कॅमेरे बसलेले असतील, मॉडेल शिकून तयार असेल, आणि ते कोणी शिकवले याची नोंद कंपनीच्या सर्व्हरवर तेवढी असेल.